परदेशी दुकानातून गावात पार्सल मागवताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

परदेशातून ऑनलाइन वस्तू मागवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पैसे सेतू केंद्रवाल्याच्या कार्डावरून जातात, पत्ता अर्धवट असतो, कस्टम ड्युटीचा हिशेब पार्सल दारात आल्यावर होतो, आणि विक्रेता "अजून थोडं थांबा" म्हणतो म्हणून चार-चार महिने थांबलं जातं. यातली शेवटची चूक सगळ्यात महाग पडते, पण तिची मुळं पैसे भरण्याआधीच्या कामात असतात. म्हणून खालचे पहिले पाच टप्पे "पैसे भरा" हे बटण दाबण्याच्या आधीचे आहेत.

उदाहरणासाठी वरुड-मोर्शी भागातला एक संत्रा कास्तकार धरू. त्याला फळातली साखर मोजायचं ब्रिक्समीटर, म्हणजे हातातलं रिफ्रॅक्टोमीटर, मागवायचं आहे.

टप्पा 1: माल नेमका कुठून निघणार ते शोधा

संकेतस्थळाचं नाव "डॉट इन"ने संपतं, किंमत रुपयात आहे, जाहिरात मराठीत आहे. या तिन्हींवरून विक्रेता भारतात आहे असं ठरत नाही. हे चार ठिकाणी बघा:

1. वस्तूच्या पानावर "उत्पादनाचा देश" आणि आयातदाराचं नाव-पत्ता. आयातदार भारतातला असेल आणि माल इथूनच निघणार असेल, तर ड्युटी त्याने आधीच भरलेली असते. तुमचं काम साध्या देशी खरेदीसारखंच, पुढचे बरेच टप्पे लागू नाहीत.
2. पोहोचण्याची मुदत. 15 ते 40 दिवस लिहिलं असेल तर माल बहुधा बाहेरून येतोय.
3. परतीचं धोरण. "माल ग्राहकाने स्वखर्चाने परदेशी गोदामात पाठवावा" असं असेल तर परत करायची सोय नाही असंच समजा. अर्धा किलोचं पार्सल परत पाठवायला वस्तूच्या किमतीएवढा खर्च सहज येतो.
4. संपर्काचं पान. फक्त एक फॉर्म आणि एक जीमेल पत्ता असेल तर तिथेच थांबा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 हे भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवणं, 48 तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण ज्या दुकानाचा भारतात माणूस नाही की खातं नाही, त्याच्याकडून हे वसूल करणार कसं? म्हणून खरेदी शक्यतो मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून करा. तिथे विक्रेता पळाला तरी मधे बाजारपेठ उभी असते.

⚠ फेसबुक-इन्स्टाग्रामवर 1,499 रुपयांत चेन-सॉ किंवा पॉवर वीडर दाखवणारी जाहिरात आली, तर तोच फोटो गूगलवर टाकून तो आणखी कुठे दिसतो ते शोधा. पाच वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत तोच फोटो दिसला की पुढे जाऊ नका.

टप्पा 2: वस्तू आणता येते का, आणि आणली तर चालते का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी पहिला.

*बियाणं, कलमं, रोपं:* आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर आणता येत नाहीत. "विदेशी टरबूज, 20 बिया" असल्या पुड्या यातच येतात. न मागवता बियांचं पाकीट आलं तर ते वावरात टाकू नका, कृषी अधिकाऱ्याला द्या.

*कीटकनाशकं, तणनाशकं:* कीटकनाशक कायदा 1968 प्रमाणे भारतात नोंदणी लागते. परदेशी लेबलची बाटली मागवूच नका. आपल्या पिकासाठीची मात्रा आणि विषबाधेवरचा उतारा वाचता येईल अशा भाषेत तिच्यावर नसतो.

*ड्रोन:* तयार ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. सुटे भाग आणता येतात.

*मोबाइलचा सिग्नल बूस्टर:* मेळघाटात किंवा भामरागडकडे नेटवर्क नाही म्हणून हा मोह होतो. पण खासगी माणसाने असा बूस्टर विकत घेणं, बसवणं बेकायदा आहे. बाजारात दिसतो म्हणून तो चालतो असं नाही.

*ई-सिगारेट:* 2019 च्या कायद्याने पूर्ण बंदी. *औषधं:* स्वतःपुरती थोडी आणायची तरी डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषध नियंत्रकाचा परवाना लागतो.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेतली 120 व्होल्टची मोटार इथे लावली की पहिल्याच बटणाला जळते. वस्तूच्या पानावर "100–240 व्होल्ट" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, "प्लग कन्व्हर्टर मोफत" यावर भुलू नका. तो फक्त पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

ठिबक, फवारणी पंप, नळ यांच्या जोडण्यांत आटे बघा. आपल्याकडे बीएसपी आटे चालतात, अमेरिकेत एनपीटी. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचामागे 14 आटेच असतात, त्यामुळे दोन-तीन वेढे बसतात आणि मग गळायला लागतं. आट्यांचा कोन वेगळा असतो, एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी हा फरक भरून निघत नाही.

ब्रिक्समीटर घेताना दोन गोष्टी बघा. मोजपट्टी 0 ते 32 टक्के ब्रिक्सची हवी. मधासाठीचं मीटर 58 पासून सुरू होतं, ते संत्र्याला निरुपयोगी. दुसरं म्हणजे "आपोआप तापमान दुरुस्ती". ती बहुतेक मीटरांत 10 ते 30 अंशांपुरतीच असते. एप्रिलच्या दुपारी बांधावर 42 अंशांत घेतलेलं माप खरं नसतं, मीटर आणि रस दोन्ही सावलीत थंड होऊ द्या.

झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं यंत्र, मात्र परदेशातून मागवू नये असं आमचं मत आहे. इथलं मशीन बिघडलं तर तालुक्याला दुरुस्त होतं. परदेशी सर्किटला भाग मिळत नाही आणि तोवर रानडुकरं थांबत नाहीत.

टप्पा 3: दारापर्यंतचा पूर्ण खर्च कागदावर मांडा

ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर लागते हा गैरसमज आहे. वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ती लागते, आणि जीएसटी लागतो तो ड्युटी मिळवल्यानंतरच्या रकमेवर. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डरच्या दिवशीचा दर आइसगेट या सरकारी संकेतस्थळावरच्या ड्युटी कॅल्क्युलेटरवर बघा. रीत समजावी म्हणून ड्युटी 20 टक्के आणि जीएसटी 18 टक्के धरू:

- मीटर 2,400 + वाहतूक 600 = 3,000 रुपये
- ड्युटी 20 टक्के = 600
- जीएसटी 18 टक्के, 3,600 वर = 648
- बँकेचं परकी चलन शुल्क 3.5 टक्के, म्हणजे 105, त्यावर जीएसटी 19 = 124
- एकूण 4,372 रुपये

खासगी कुरियर असेल तर त्याचं कस्टम्स हाताळणी शुल्क यावर वेगळं. म्हणजे 2,400 ची वस्तू साडेचार हजारांच्या घरात गेली. नागपूरला तीच वस्तू 3,800 ला मिळत असेल तर बाहेरून मागवण्यात काय अर्थ?

ऑर्डरच्या पानावर "ड्युटीसह" की "ड्युटीशिवाय" ते शोधा. ड्युटीसह असेल तर पावतीवर तसं छापून यायला हवं. नाहीतर तुम्ही दोनदा भराल.

⚠ "पार्सलवर गिफ्ट लिहितो, ड्युटी लागणार नाही" असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या. गिफ्टवरची 5,000 रुपयांपर्यंतची सूट डिसेंबर 2019 मध्ये काढून टाकली आहे. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढेच अपवाद. किंमत कमी लिहून घेणंही तसंच अंगाशी येतं. कस्टम्स माल अडवतं, आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या कमी किमतीचीच मिळते.

स्वतःच्या वापरासाठी आणायला आयात-निर्यात कोड लागत नाही. बचत गटासाठी किंवा गावात विकायला 25 नग मागवले तर तो व्यापार झाला, तिथे कोड लागतो.

टप्पा 4: पैसे स्वतःच्या कार्डाने, आणि ते कार्ड आधी तयार करून

जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड परदेशी दुकानावर चालत नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. कार्ड त्या प्रकारचं असलं तरी परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासूनच्या नियमाने ते खातेदाराने स्वतः सुरू करायचे असतात.

1. बँकेच्या अ‍ॅपमध्ये "आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार" सुरू करा. परदेशातलं एटीएम आणि दुकानातलं स्वाइप बंदच ठेवा.
2. मर्यादा ऑर्डरपेक्षा थोडीच जास्त ठेवा. 3,000 च्या ऑर्डरला 3,500.
3. पैसे भरताना "रुपयात भरायचे का?" असं विचारलं तर दुकानाचंच चलन निवडा. रुपये निवडले तर बदलाचा दर दुकान ठरवतं, आणि तो महाग असतो.
4. व्यवहार होताच मर्यादा शून्य करा किंवा सोय बंद करा.

चौथी पायरी सगळेच विसरतात. परदेशी दुकानं बऱ्याचदा ओटीपी मागत नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात.

कार्ड नाही म्हणून सेतू केंद्रवाल्याच्या किंवा पुतण्याच्या खात्यावरून मागवलं तर अडचण पैसे भरताना जाणवत नाही, नंतर जाणवते. परतावा त्याच्या कार्डावर येतो, बँकेत वाद त्यालाच घालता येतो आणि पावतीवर नाव त्याचं असल्याने ग्राहक म्हणून तुम्हाला उभं राहणं जड जातं. कार्ड मिळवायला पंधरा दिवस लागले तरी लागू द्या.

⚠ परदेशी विक्रेता यूपीआयवर किंवा भारतातल्या एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागत असेल तर तो विक्रेताच नव्हे. यूपीआयने गेलेल्या पैशाला कार्डासारखी वाद घालण्याची सोय नसते.

टप्पा 5: पत्ता असा लिहा की यंत्रालाही आणि डाक सेवकालाही कळेल

"तुमच्या भागात पोहोचवत नाही" हा संदेश पुष्कळदा पिनकोडपेक्षा पत्त्याच्या मांडणीमुळे येतो. विदर्भातले सगळे पिनकोड 44 ने सुरू होतात. तुमचा त्यापासून सुरू होत नसेल तर लिहिण्यात चूक आहे. एका पिनकोडात दहा-पंधरा गावं असतात, आणि वडगाव, पिंपळगाव, खापरी ही नावं तर जिल्ह्याजिल्ह्यात. म्हणून इंग्रजी अक्षरांत या क्रमाने लिहा:

- पहिली ओळ: नाव, आधारवर आहे तसंच्या तसं. आधारवर "रामभाऊ" असेल तर "राम" लिहू नका.
- दुसरी ओळ: घर क्रमांक किंवा वॉर्ड, जवळची खूण (ग्रामपंचायतीजवळ, हनुमान मंदिरामागे).
- तिसरी ओळ: गाव, मग "पोस्ट" म्हणून शाखा डाकघराचं नाव, मग तालुका.
- शहराच्या रकान्यात जिल्हा. राज्य महाराष्ट्र. पिनकोड.
- मोबाइल: अधिक 91 आणि पुढे दहा आकडे, सुरुवातीला शून्य नको.

बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर एका ओळीत साधारण 35 अक्षरंच बसतात आणि उरलेली न सांगता कापली जातात. एकाच ओळीत खूण आधी आणि तालुका शेवटी लिहिला की नेमका तालुकाच गळतो. ऑर्डर पक्की करण्याआधीच्या पानावर पत्ता पूर्ण दिसतो का ते वाचा.

खासगी कुरियर आडगावापर्यंत येत नाही, "तालुक्याच्या ऑफिसातून घेऊन जा" असा फोन येतो. डाक खात्यातून येणारा माल मात्र शाखा डाकघरापर्यंत पोहोचतो. निवडायची संधी असेल तर टपालाचा मार्ग निवडा, आठवडाभर उशीर परवडतो. तालुक्यातल्या नातेवाइकाचा पत्ता द्यायचा असेल तर नाव तुमचंच ठेवा आणि "केअर ऑफ" करून त्यांचं लिहा. नाव बदललं की केवायसी, म्हणजे ओळखीच्या पुराव्याची तपासणी, अडकते.

काळाचाही विचार करा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. पावसाळ्यात पार्सल पोहोचेल अशा बेताने तिकडे मागवू नका. मे महिन्यात लिथियम बॅटरी, डिंक, मेणाच्या वस्तूही टाळा. बंद गाडीत त्या दिवसभर तापतात.

✔ तपासा: विक्रेता कळला, वस्तू चालते, पूर्ण खर्च मान्य आहे, कार्ड तुमचं आहे, पत्ता पूर्ण दिसतो. पाचही हो असतील तरच पैसे भरा.

टप्पा 6: त्याच दिवशी पुरावा बांधून ठेवा

वस्तूचं पान, किंमत, मुदत, परतीचं धोरण आणि पैसे कापल्याचा संदेश यांचे स्क्रीनशॉट काढा. विक्रेता पान नंतर बदलतो. पोहोचण्याची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, टप्पा 9 मध्ये तीच लागेल. विक्रेत्याशी बोलणं संकेतस्थळाच्या चॅटमध्येच करा, व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊ नका.

टप्पा 7: केवायसी, कस्टम्स आणि खोटे फोन

टपालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात 13 खुणा असतात: दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं पाठवणाऱ्या देशाची. असा क्रमांक असेल तर भारतीय डाकेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. "कस्टम्सकडे आहे" ही नोंद आठ-दहा दिवस हलली नाही तरी घाबरू नका.

कुरियरने येत असेल तर ओळख आणि पत्त्याचा पुरावा मागितला जातो. ही मागणी खरी असते, पण संदेशातल्या लिंकवर जाऊ नका. कुरियरचं संकेतस्थळ स्वतः उघडा, पार्सलचा क्रमांक टाका आणि तिथेच कागद चढवा. आधारच्या प्रतीवर "फक्त पार्सल क्रमांक अमुकसाठी" असं आडवं लिहा.

आता खोट्या फोनची ओळख. "तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवर या" असं कस्टम्स, सीबीआय किंवा पोलिस कधीच सांगत नाहीत. "डिजिटल अटक" असा प्रकार कायद्यात नाही. ड्युटी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितली जात नाही. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर डिन क्रमांक, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 वर फोन करा, मग बँकेला कळवा. बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत लेखी कळवलेलं असलं पाहिजे.

टप्पा 8: पार्सल हातात घेताना

टपालाने आलेल्या पार्सलची ड्युटी पोहोच देताना घेतली जाते. आकारणीची चिठ्ठी मागा, पैसे तिच्यावरच्या आकड्याएवढेच द्या, पावती घ्या. खोक्यावरच्या सीएन 22 किंवा सीएन 23 या कस्टम्सच्या कागदावर वस्तू, वजन आणि किंमत लिहिलेली असते. त्याचा फोटो काढा. मीटरऐवजी "प्लास्टिक की-चेन, 40 ग्रॅम" असं दिसलं तर फसवणूक तिथेच कळते.

खोकं फाटलेलं असेल तर सही करण्याआधी तशी नोंद करून घ्या. मग सलग व्हिडिओ: आधी लेबल, मग सहा बाजू, मग उघडणं, शेवटी वस्तू चालू करून दाखवणं. मधे कॅमेरा बंद झाला की बरेच विक्रेते तो व्हिडिओ मानत नाहीत.

⚠ न मागवलेलं पार्सल पैसे देऊन घ्यायच्या अटीवर आलं तर घेऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आधीच सांगून ठेवा, दुपारी घरी तीच असतात.

टप्पा 9: माल आला नाही किंवा वेगळाच आला

इथे घड्याळ चालू असतं आणि ते विक्रेत्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कार्ड कंपन्यांच्या नियमात वाद दाखल करायची मुदत साधारण 120 दिवसांची असते, ती व्यवहाराच्या किंवा माल पोहोचायच्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. बाजारपेठेची स्वतःची हमी याहून बरीच आधी संपते. "कस्टम्समध्ये अडकलंय, अजून 60 दिवस थांबा" हे उत्तर त्या मुदतीकडे बघूनच दिलेलं असतं.

1. पहिला दिवस: विक्रेत्याला चॅटमध्ये लिहा. ऑर्डर क्रमांक, काय चुकलं आणि काय हवं (पूर्ण परतावा की नवी वस्तू) एवढंच. भाषांतर अ‍ॅप वापरलं तर वाक्यं लहान ठेवा. "अर्धे पैसे घ्या आणि वाद मागे घ्या" असं म्हटलं तर पैसे हातात आल्याशिवाय काहीही मागे घेऊ नका. एकदा बंद केलेला वाद बहुतेक ठिकाणी पुन्हा उघडत नाही.
2. सातवा दिवस: बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. तक्रार क्रमांक 48 तासांत यायला हवा.
3. पंधरावा दिवस: बँकेत चार्जबॅक मागा, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. दुसऱ्या पायरीच्या उत्तराची वाट पाहू नका, दोन्ही एकाच वेळी चालतात. शाखेत हा शब्द कुणाला कळला नाही तर "कार्ड व्यवहाराचा वाद अर्ज" मागा, किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून क्रमांक घ्या. कारण नेमकं लिहा: "माल मिळाला नाही", "वर्णनाप्रमाणे नाही" किंवा "परतावा कबूल करून दिला नाही". "फसवणूक झाली" असं मोघम लिहिलं तर अर्ज चुकीच्या रांगेत जातो. कार्ड दुसऱ्यानेच वापरलं, असा त्याचा अर्थ लावला जातो.
4. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस संकेतस्थळावर. माहितीसाठी 14448.
5. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मराठीत बोलता येतं. विक्रेता किंवा बाजारपेठ भारतात नोंदलेली असेल तर इथून बऱ्याचदा काम होतं. पूर्ण परदेशी दुकान असेल तर इकन्झ्युमर डॉट गव्ह या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ते तुमचे पैसे मिळवून देत नाही, पण ती माहिती वेगवेगळ्या देशांच्या यंत्रणांपर्यंत जाते.
6. जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते. मुंबईला किंवा कंपनीच्या गावी जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, अर्ज ई-जागृती या संकेतस्थळावरून. भारतात कार्यालय असलेली बाजारपेठ मधे असेल तर तिला पक्षकार करायला विसरू नका. नुसत्या परदेशी विक्रेत्याचं नाव टाकलं तर नोटीस बजावायलाच कुणी सापडत नाही.

अर्जासोबत पैसे कापल्याचा पुरावा, टप्पा 6 चे स्क्रीनशॉट, खोक्याचा आणि कस्टम्स कागदाचा फोटो, ड्युटीची पावती आणि चॅट तारखेच्या क्रमाने लावा. ड्युटी भरलेली असेल तर ती रकमेत धरा. विक्रेता परतावा देतो तो वस्तूच्या किमतीचा, ड्युटीचे पैसे तो आपणहून मोजत नाही.